मुंडी घुमाओ

काल सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी ड्रायव्हिंगमध्ये नापास झाले. वय ४४. गाडी चालवायला लागून १९ वर्षं. पुढे कांद्याचा ट्रक, मागे हॉर्न देणारी एसटी आणि काचेवर धुकं, असा कसारा घाट शेकडो वेळा उतरलेली मी. २०१५ च्या सिंहस्थात पंचवटीतल्या गल्लीतून गाडी सबंध रिव्हर्समध्ये बाहेर काढलेली मी. ती मी कॅनडात, मिसिसागात, लख्ख उन्हात, रिकाम्या रस्त्यावर, ताशी ३८ च्या वेगानं नापास झाले.

परीक्षक पंचविशीतला मुलगा होता. कागद हातात देऊन "हॅव अ वंडरफुल डे" म्हणाला. इथे नापास करतानाही तोंडभर हसतात. आपल्याकडचा माणूस निदान खेकसतो, म्हणजे आपल्यालाही मनातल्या मनात त्याचा उद्धार करता येतो. हसणाऱ्याचं काय करायचं?

कारणं तीन. पहिलं, स्टॉपच्या पाटीपाशी माझी चाकं पूर्ण थांबली नाहीत. माझ्या मते थांबली होती, त्याच्या मते थांबायच्या बेतात होती. दुसरं, मी मान वळवली नाही. मला शिकवणारे भाई (तासाला ५० डॉलर, परीक्षेला त्यांची गाडी नेली की वर १०० वेगळे) महिनाभर एकच मंत्र देत होते, "मॅडम, मुंडी घुमाओ." आरशात बघून भागत नाही. खांद्यावरून मागे बघायचं, आणि नुसतं बघायचं नाही, आपण बघितलं हे शेजारच्याला दिसलं पाहिजे. मी घरी कांदा चिरतानाही मान वळवायचा सराव करत होते. लेक म्हणाली, "आई, घुबड दिसतेस." आणि ऐन परीक्षेत भीतीनं मान अशी आखडली की सत्यनारायणाच्या पूजेला बसल्यासारखी मी समोर बघत राहिले.

तिसरं कारण मात्र मी मरेपर्यंत मान्य करणार नाही. रस्त्यात कॅनडा गूज आले. बदकाहून मोठे, हंसाहून उर्मट, काळ्या मानेचे. एकामागे एक नऊ जण, वऱ्हाड निघाल्यासारखे. मी थांबले. तेही रस्त्याच्या मधोमध येऊन थांबले आणि पंख खाजवू लागले. मी हॉर्न दिला. रागानं नाही हो, एवढासा. आपल्याकडे हॉर्न म्हणजे 'मी आलेय बरं का', इतकंच. ट्रकच्या पाठीवरचं 'हॉर्न ओके प्लीज' वाचत आपण लहानाचे मोठे झालो. २०१५ मध्ये महाराष्ट्रात ते लिहायला बंदी आली, पण हाताची सवय कोण मोडणार? परीक्षकानं असा श्वास आत ओढला, जसा काही मी त्याच्या आजीला हॉर्न दिला.

घरी येऊन शोधलं, तर या पक्ष्यांना कायद्याचं संरक्षण आहे, तेही १९१७ पासून. कायदा कोणता, तर स्थलांतरित पक्ष्यांचा! त्यांच्या घरट्याला धक्का लावायचा नाही, अंड्यांना हात लावायचा नाही. स्थलांतरित व्हावं तर असं. हिवाळ्यात खुशाल दक्षिणेला उडून जातात, उन्हं आली की परततात, आणि मधले महिने कुठे होतात, असं त्यांना कुणी विचारत नाही. मला मात्र इथला कायम वास्तव्याचा दर्जा टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस इथे काढल्याचा हिशेब ठेवावा लागतो.

आता कुणी म्हणेल, १९ वर्षं गाडी चालवणारीला शिकाऊ परीक्षा कशाला? त्याचं असं आहे की आमच्या या ओंटारियो प्रांतात परदेशातला अनुभव धरतात, पण त्यासाठी तिकडच्या आरटीओ कचेरीचं अस्सल पत्र लागतं. भाऊ चार खेपा घालून आला. एकदा साहेब नव्हते, एकदा सर्व्हर नव्हता, एकदा साहेब आणि सर्व्हर दोन्ही होते तर शिक्का नव्हता. चौथ्या खेपेला काय झालं ते तो सांगत नाही. पत्र नसेल तर फार तर एक वर्षाचा अनुभव धरतात. म्हणजे १९ चा झाला १. मी सतरा वर्षं एका सहकारी बँकेत कर्ज विभागात होते, पण एवढी सूट आम्ही एकरकमी परतफेड योजनेत बुडीत खातेदारालाही दिली नव्हती.

तर तो कागद घेऊन मी केंद्रातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. भाई त्यांच्या पुढच्या विद्यार्थ्याकडे निघून गेले होते. नवऱ्याला फोन लावला, "मेलं, झाले नापास," एवढं म्हणून ठेवला. शेजारून आवाज आला, "मराठी का?"

उन्हाळी टोपी, खिशाला दोन पेनं, मांडीवर स्टीलचा डबा.

"हो काका. नाशिकची."

"नाशकात कुठे?"

"पंचवटी."

"वा! मी गिरगाव. १९७१. आठ डॉलर."

लोक जसं नाव, वडिलांचं नाव, आडनाव सांगतात, त्या सुरात त्यांनी हे सांगितलं. तेव्हा देशाबाहेर जाताना एवढंच परकीय चलन मिळायचं, हे मला बँकेतल्या जुन्या लोकांकडून ठाऊक होतं. मी "बाप रे" म्हटलं. तीच चूक झाली.

"पहिल्यांदा नापास झालीस?"

"हो."

"ह्यॅ! मी तीनदा. त्यात दोनदा बर्फात. हा घे चिवडा."

चिवडा घेतला. मग मी, उगाच, आपलीही बाजू लंगडी नाही हे दाखवायला म्हटलं की घरमालकानं आमच्याकडून सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागितलं. कायद्यानं एका महिन्याच्या वर अनामत मागता येत नाही, पण इथला पगार नाही, इथली पत नाही, तर कायदा कुणाच्या तोंडावर फेकणार?

"घर तरी मिळालं ना?" काका म्हणाले. "आम्ही पाच जण एका तळघरात. पाचांत जाड कोट दोन. ज्याचा इंटरव्ह्यू त्याचा कोट."

मी बँकेचं काढलं. तिकडे माझा क्रेडिट स्कोअर, म्हणजे पतीचा आकडा, ८१२ होता. इथेही तो आकडा ३०० ते ९०० च्याच घरात असतो, पण माझी जागा कोरी. ३०० म्हणजे अगदीच वाया गेलेला माणूस, मी त्याच्याही खाली. क्रेडिट कार्ड मागितलं तर म्हणाले, ५०० डॉलर आमच्याकडे ठेवा, मग ५०० चं कार्ड देतो. माझेच पैसे मला उधार! आयुष्यभर लोकांना तारण मागितलं, त्याची ही फेड.

"कार्ड?" काका हसले. "अगं, कढीपत्ता मिळत नव्हता. माझी बायको फोडणी देताना नुसतं त्याचं नाव घ्यायची. ७२ साली टोरांटोत जेरार्ड स्ट्रीटवर नाझ थिएटर निघालं, तर सिनेमा कुठला लागलाय हेसुद्धा न बघता आम्ही जायचो. तीन तास हिंदी ऐकायला मिळायचं, बास."

मी हट्टाला पेटले. कर्जवसुलीतले लिलाव मी पुष्कळ बघितलेत, बोली चढली की माणूस आपल्या ऐपतीचं भान विसरतो. मी हुकमाचा पत्ता टाकला, नोकरी. सतरा वर्षं कर्जाच्या फायली तपासल्या आणि आता किराणा दुकानात गल्ल्यावर उभी आहे. बिल करताना दाबायचा केळ्यांचा नंबर ४०११, कोथिंबिरीचा ४८८९. जिथे अर्ज करावा तिथे विचारणा एकच, 'कॅनेडियन एक्स्पीरियन्स' आहे का? जाहिरातीत तो मागायला इथे १ जानेवारी २०२६ पासून कायद्यानं बंदी आहे. जाहिरातीत नाही, म्हणून तर मुलाखतीत किती गोड आवाजात विचारतात!

काका मिनिटभर काही बोलले नाहीत. मला वाटलं, जिंकले. मग चिवड्यातले शेंगदाणे एका बाजूला करत म्हणाले, "मी इंजिनिअर. आठ महिने बेकरीत पाव उचलले. ते राहू दे. वडील गेले गिरगावात, तार आली ती तेराव्यानंतर. पत्ता जुना होता ना, तळघर बदललं होतं आम्ही."

लिलाव तिथेच संपला. याच्यावर काय बोली लावणार?

आणि खरं सांगू? तरीही मला राग आला. काकांचं दुःख मोठं, कबूल, शंभर वेळा कबूल. पण म्हणून मी माझं एवढंसं दुःखही करायचं नाही? नाशिकला फोन केला की आई म्हणते, "तुझं काय बाई, कॅनडा!" वहिनीला इथला बर्फ बघायचाय. मैत्रिणी विचारतात, घर किती बेडरूमचं. इथे जुन्या माणसांपुढे तोंड उघडावं तर त्यांचे आठ डॉलर तयारच. मला आठ डॉलर घेऊन कुणी येऊच दिलं नसतं हो. आता एकट्या माणसालाही पंधरा हजारांच्या वर डॉलर शिल्लक दाखवावी लागते, तेव्हा कुठे अर्ज पुढे सरकतो. नाशिकचा फ्लॅट विकून, सगळं दाखवून आलेय. मग रडायचं कुठे? गल्ल्यावर? तिथे कॅमेरा आहे.

हे अर्थात मी बोलले नाही. म्हटलं, "तुम्ही इथे कसे काका?"

"नात परीक्षेला बसलीय. आणि जरा बघून ठेवतोय. येत्या मार्चात मला ८० पूर्ण होतील. ८० झाली की दर दोन वर्षांनी लायसन्सचं नूतनीकरण. डोळे तपासणार, वर्गात बसवणार आणि कागदावर घड्याळ काढायला लावणार."

"घड्याळ?"

"हो ना. गोल काढायचा, बारा आकडे भरायचे. काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर लावायचे, म्हणे. डोकं ठिकाणावर आहे का ते कळतं." त्यांनी खिशातलं एक पेन काढलं. "तुझ्याकडे कोरा कागद आहे?"

माझ्याकडे एकच कागद होता. तो त्यांनी उलटा करून गुडघ्यावर ठेवला आणि माझ्या नापासाच्या पाठीवर सावकाश घड्याळ काढू लागले. गोल बरा आला. बारा, एक, दोन, तीन नीट बसले. पुढचे आकडे हळूहळू दाटीवाटीनं एका अंगाला गेले, नवाला जागा उरली नाही म्हणून तो बाहेर काढला. पन्नासच्या वर वर्षं या देशात गाडी चालवलेला माणूस नवाला आत कसं घ्यावं याचा विचार करत होता.

"सुरेख आलंय," मी म्हटलं.

"नऊ बाहेर गेलाय," काका म्हणाले. "मी बघतोय ना."

तेवढ्यात नात आली. सतरा वर्षांची, केसांना निळा पट्टा, हातात पासाचा कागद. "आजोबा! डन!" मग मला, "हाय आंटी, यू ओके?" मी ओके म्हटलं. बस चाळीस मिनिटांनी होती. काका म्हणाले, "बस मागे. ही सोडते."

पहिल्याच स्टॉपच्या पाटीपाशी तिची चाकं थांबली का? छे. थांबायच्या बेतातसुद्धा नव्हती. लेन बदलताना मुंडी? निळा पट्टा जागचा हलला नाही, एका हातानं ती गाणं बदलत होती. मी मागच्या सीटवर नसलेला ब्रेक दाबत, पर्समधले पुढच्या परीक्षेचे ५३ डॉलर ७५ सेंट मनात मोजत बसले होते. काकांच्या मांडीवर डबा, त्याच्यावर माझा कागद, घड्याळाची बाजू वर.

पुढच्या वळणावर तेच. नऊच होते, मी मोजले. रस्त्याच्या मधोमध, पंख खाजवत.

पोरीनं हॉर्नवर सबंध तळवा ठेवला आणि तसाच दाबून धरला. आमच्या एसटीवाल्यानंसुद्धा कसाऱ्यात एवढा लांब दिला नसेल. नऊच्या नऊ जण निमूट कडेला झाले.

काकांनी मान न वळवता चिवड्याचा डबा मागे सरकवला. "हॉर्न दिल्याशिवाय हलत नाहीत मेले," म्हणाले.