ओघळासकट कोरी

मराठी माणूस जुनी गाडी विकायला काढतो तेव्हा जाहिरातीत तीन गोष्टी हमखास असतात: सिंगल ओनर, डॉक्टरने वापरलेली, कुठेही ठोकलेली नाही. यातल्या डॉक्टरचं कोडं मला आजवर सुटलेलं नाही. एमबीबीएसला क्लच हळू सोडायचं प्रात्यक्षिक असतं की काय! अमेरिकेत आल्यावर कळलं की इथे डॉक्टरच्या जागी एक म्हातारी असते आणि ती गाडी फक्त रविवारी चर्चला जायला काढत असते.

माझ्या गाडीमागे ना डॉक्टर, ना म्हातारी. डेट्रॉइटच्या उपनगरात आमच्या शेजारी जे म्हातारबुवा राहतात, त्यांनी ऐन तारुण्यात कोरी घेतलेली ही १९६९ची प्लिमथ रोडरनर, जातीची मसल कार. आधी त्यांनी ती मनसोक्त उडवली, मग लग्न, मग मुलंबाळं, मग गॅरेजचा कोपरा आणि वर ताडपत्री. कागदोपत्री मालक पहिल्यापासून एकच. ताडपत्रीखाली उंदरांच्या कित्येक पिढ्या सुखाने नांदल्या, पण त्यांची नावं कुठल्या कागदावर लागलेली नाहीत.

"तुला देतो, पण शोरूममधून बाहेर काढली तेव्हा जशी होती अगदी तशी करायची," म्हातारबुवा म्हणाले. मी तत्काळ हो म्हटलं. घरात आल्यावर बायकोने विचारलं, "अहो, या पैशात नवी नाही का येणार?" म्हटलं, "नवीच तर करतोय." त्यानंतर बरेच दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर फक्त मीठ-चटणीपुरतं संभाषण होत होतं.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी सांगतो. मसल कार म्हणजे मधल्या आकाराच्या गाडीत अवाढव्य इंजिन कोंबून, किंमत तरुण पोरांच्या खिशाला झेपेल इतकी ठेवायची. १९६४च्या पॉन्टिअॅक जीटीओपासून ही साथ पसरली. पॉन्टिअॅकची मालक कंपनी जनरल मोटर्स. तिचा नियम होता की मधल्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पॉन्टिअॅकच्या इंजिनिअरांनी नवी गाडी काढलीच नाही. जुन्याच टेम्पेस्ट गाडीवर ३८९ घनइंचांचं इंजिन 'जादा सोय' म्हणून द्यायला सुरुवात केली. नियमही शाबूत, गाडीही सुसाट. हे वाचलं तेव्हा मला सोसायटीच्या बाल्कन्या बंद करून खोल्या काढणाऱ्या आपल्या बिल्डरांबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला.

रोडरनर त्याहून पुढची. १९६८ साली ती आली तेव्हा मूळ किंमत २,८९६ डॉलर. पैसे वाचवायचे म्हणून आत सलग बाकडं आणि पायाखाली गालिच्याऐवजी रबर. मात्र कार्टूनमधल्या त्या पळपुट्या पक्ष्याचं नाव आणि चित्र वापरायला वॉर्नर ब्रदर्सना ५०,००० डॉलर मोजले. हॉर्नसुद्धा त्या पक्ष्यासारखा 'बीप बीप' वाजणारा. बॉनेटखाली ३८३ घनइंचांचं, म्हणजे सव्वासहा लिटरचं इंजिन. मारुती ८००ची जवळपास आठ इंजिनं एकत्र केली तर एवढं भरेल. १९६९मध्ये अशा ८०,०००हून जास्त गाड्या खपल्या. त्यांतल्या बऱ्याचशा पुढे मिठाने खाल्ल्या.

मीठ, हो. डेट्रॉइट शहराच्या पोटात साडेतीनशे मीटर खोल मिठाची खाण आहे. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून इथल्या रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते गाडीच्या पोटात जाऊन बसतं. एकाच गावाने गाड्या बनवायच्या आणि त्याच गावाच्या मिठाने त्या कुजवायच्या, असा सगळा घरगुती कारभार आहे. ताडपत्री निघाली तेव्हा माझी गाडी वरून निळीशार दिसत होती. मी ड्रायव्हरच्या बाजूचं रबर उचललं आणि मला म्हातारबुवांच्या गॅरेजची फरशी दिसली. मध्ये पत्रा नव्हता.

मग सुरू झाला खरा संसार. कारागीर म्हणून जो दाढीवाला मिळाला तो गाडीकडे बघून आधी पाच मिनिटं काहीच बोलला नाही. आपल्याकडे लग्न जुळवणारे पत्रिकेवर असे गप्प बसले की समजायचं, मंगळ आहे. गाडी पार सुटी केली. पुढून-मागून खांबांना अडकवून गोल फिरवता येईल अशी टांगली. खालचा सगळा पत्रा कापून नवा जोडला. पूर्वी कुणीतरी मागच्या चाकांवरची भोकं लांबी (पुट्टी) भरून बुजवली होती. ती लांबी खरवडताना इतकी निघाली की पत्र्यापेक्षा तीच जास्त भरली.

त्या वेळी आई सहा महिन्यांसाठी सांगलीहून आलेली होती. टांगलेली गाडी बघून ती म्हणाली, "अरे, ही दुरुस्त होतेय की हिचं श्राद्ध घालताय?"

मागच्या सीटच्या स्प्रिंगांत खजिना सापडला. कारखान्यात प्रत्येक गाडीबरोबर एक कागद फिरायचा, कुठला रंग, कुठलं इंजिन, कुठला आरसा असे सगळे आकडे लिहिलेला. काम झालं की कामगार तो सीटमध्ये, नाहीतर पेट्रोलच्या टाकीवर कोंबून द्यायचे. आमच्या कागदाच्या कडा उंदरांनी कुरतडलेल्या होत्या, पण मधले चौकोन शाबूत. रंगाच्या चौकोनात 'बी ५', म्हणजे तोच निळा. दाढीवाल्याने तो कागद दोन बोटांनी उचलून उजेडात धरला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझं बिल त्याने इतक्या हळवेपणाने कधी हातात दिलं नाही.

यानंतर माझी पंचाईत सुरू झाली. माझा भाबडा समज असा की कोरी म्हणजे झकास, आरशासारखी, कुठे खोट नाही. तसा रंग मारून हवा म्हटल्यावर दाढीवाला दचकला. "तसा मारला तर जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत परीक्षक गुण कापतील," म्हणाला. "तेव्हा इतकं चांगलं काम कुणी करत नव्हतं!"

खरंच आहे. त्या काळी डेट्रॉइटच्या सगळ्याच कारखान्यांत गाड्यांची रांग भराभर पुढे सरकायची. पोटाखाली तांबूस प्रायमर आणि त्यावर वरून उडालेल्या रंगाचे ओबडधोबड फवारे, हेच अस्सल. इंजिनमागच्या पत्र्यावर तपासनिसाने खडूने केलेली रेघोटी, तीही हवी. कुठे रंग जरा जास्त बसून ओघळलेला, तोही हवा. जुनी गाडी सुटी करताना या सगळ्याचे फोटो काढतात, मापं घेतात आणि नव्या पत्र्यावर ते दोष जिथल्या तिथे उमटवतात.

आमच्या गाडीच्या त्या इंजिनमागच्या पत्र्यावर डावीकडे एक ओघळ होता. बोटभर लांब, टोकाला गोल थेंब. दाढीवाल्याने तो हुबेहूब काढायला आधी पुठ्ठ्यावर सराव केला. रंगाची बंदूक जवळ न्यायची, क्षणभर थांबायचं, पटकन बाजूला घ्यायची. पहिले ओघळ फार नीटनेटके यायचे. "हा कलाकाराचा वाटतो, कंटाळलेल्या माणसाचा नाही," असं स्वतःशीच म्हणून तो पुठ्ठा फेकून द्यायचा. मजुरी तासावर होती. कंटाळलेल्या माणसाने फुकटात जे केलं होतं, ते तन्मयतेने करून घ्यायला मी मोजलेले पैसे बायकोला कळू नयेत म्हणून बिलात 'रंगकाम, इतर' असं लिहून घेतलं.

टायरचं तेच. जुन्या घडणीचे, बाजूला लाल रेघ असलेले टायर आजही नवे बनवून मिळतात. रस्त्यात चाकोरी दिसली की ते आपलं आपण तिकडे वळतात, ब्रेक म्हणजे चारही चाकांना ड्रम. आजचे टायर घातले तर गाडी सरळ चालेल, पण मग ती 'तशी' राहणार नाही. म्हणून मी जास्त पैसे देऊन वाकडी चालणारी गाडी करून घेतली.

पूर्ण झाल्यावर पहिला मान म्हातारबुवांचा. ते काठी टेकत आले, सगळीकडून फिरले, बाकड्यावर बसून स्टिअरिंग हातात धरलं. बॉनेट उघडल्यावर मी अभिमानाने डावीकडचा ओघळ दाखवला. त्यांनी चष्मा वर केला. आयुष्यभर ते इथल्याच एका कारखान्यात रंगखात्यात होते, हे मला तेव्हा समजलं.

"असला ओघळ दिसला की फोरमन आमच्या नावाने शंख करायचा," ते म्हणाले. "हा पुसायचा राहिला तुझ्याकडून?"

"नाही, मुद्दाम काढून घेतलाय."

"पैसे देऊन?"

मी मान डोलावली. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आम्ही चुकीच्या काळात नोकरी केली."

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इथे वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, १९९५पासून. साठच्या दशकात याच रस्त्यावर पोरं रात्री सिग्नल सुटला की शर्यती लावायची, आणि गाडी कंपन्यांचे इंजिनिअरही गुपचूप आपली नवी इंजिनं तिथे पळवून बघायचे. आता फर्नडेलपासून पॉन्टिअॅक गावापर्यंतच्या सुमारे पंचवीस किलोमीटरवर त्याच गाड्या एकमेकींना चिकटून मुंगीच्या पावलाने सरकतात. ३३५ अश्वशक्ती मुठीत धरून मी पहिल्या गिअरमध्ये घामाघूम. शेजारून एक आजोबा चाकाच्या खुर्चीतून पुढे गेले.

मागे आई आणि बायको. "वाजव की ते तुझं," आई म्हणाली. मी हॉर्न दाबला. बीप बीप.

"अगं बाई," आई म्हणाली, "एवढी थोरली गाडी आणि हॉर्न लुनाचा!"

थोड्या वेळाने इंजिनचा काटा वर चढला आणि बॉनेटमधून वाफा यायला लागल्या. मी कशीबशी गाडी एका पार्किंगमध्ये घातली आणि बॉनेट उघडलं. पाच मिनिटांत वीस माणसं जमली. कुणी पाणी आणलं नाही. सगळ्यांनी फोटो काढले. "तेव्हाही अशाच तापायच्या," एकाने कौतुकाने सांगितलं. ओघळाजवळ तर दोघंतिघं खाली वाकून हात मागे बांधून उभे राहिले. बायकोने विचारलं, "काय बघतायत ते?" म्हटलं, "रंगकाम, इतर."

तेवढ्यात एक गृहस्थ खिशातून छोटी बॅटरी काढून रेडिएटरच्या पाइपाजवळ उजेड पाडू लागले. पाइपावरच्या क्लिपेवर बारीक आकडे कोरलेले असतात, ती कधी बनली ते सांगणारे.

"बाकी गाडी अप्रतिम आहे," ते हळूच म्हणाले, "पण ही क्लिप सत्तर सालची दिसते."

वाफ अजून निघत होती. बायको आणि आई टॅक्सी शोधत होत्या. मी त्या गृहस्थांना विचारलं, "एकोणसत्तरची कुठे मिळेल?"