कुलूप तोडणे आणि चोरी करणे : एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

“क्रॅक वापरणारा तो चोरच, त्याला मालकीहक्काचा मुलामा देऊ नका,” असे आपण माझ्या लेखावर लिहिले आहे. विकत घेतलेल्या संगणक-खेळाचे नकलविरोधी कुलूप मी क्रॅकने, म्हणजे ते निकामी करणाऱ्या फाइलने, तोडले, असे मी त्या लेखात सांगितले होते. आपण स्वतः सॉफ्टवेअर लिहून घर चालवता, हेही सांगितले आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

नागपूरच्या बर्डीवर एकेकाळी खेळांच्या नकली सीड्यांची उघड विक्री होत असे. खेळ घडवणाऱ्यांच्या पदरात त्यातला रुपयाही पडत नसे. त्या धंद्याची बाजू मी घेतलेली नाही आणि घेणारही नाही.

माझा प्रश्न दाम मोजलेल्या माणसाचा आहे. २००४ साली बर्डीवरच घेतलेली एक अस्सल डिस्क माझ्या कपाटात आहे. पुस्तिकेच्या मागे चिकटवलेला क्रमांक अजून स्वच्छ वाचता येतो. पण डिस्कवर चरा पडला आणि खेळ संगणकावर पूर्ण बसवलेला असूनही “मूळ डिस्क घाला” एवढेच म्हणत राहिला. त्या काळच्या काही कुलपांची रीत अशी, की डिस्कवर मुद्दाम सदोष भाग ठेवलेले असत, साध्या नकलेत ते उतरत नसत आणि त्यामुळे घरी काढलेली प्रत खेळ स्वीकारत नसे. आपल्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ मात्र, प्रत हरवू किंवा बिघडू शकते म्हणून, कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला संगणक प्रणालीची राखीव प्रत काढू देते. कायद्याने दिलेली मुभा कुलपाने हिरावली, म्हणून मी क्रॅक वापरला. ते मी लपवलेले नाही.

२०१२च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगते, परंतु हक्कभंगाच्या हेतूने तोडले असेल तर. हा हेतूचा विचार आपल्या प्रतिक्रियेत कुठेच नाही. २००८ मध्ये तर यूबीसॉफ्ट या खेळ बनवणाऱ्या कंपनीने ‘रेनबो सिक्स वेगास २’ हा आपला खेळ डिस्कविना चालावा म्हणून दिलेल्या दुरुस्ती-फाइलीत (पॅचमध्ये) ‘रीलोडेड’ या क्रॅक करणाऱ्या गटाचीच फाइल निघाली होती.

डिस्क निदान कपाटात तरी राहते. यूबीसॉफ्टचाच २०१४चा ‘द क्रू’ हा खेळ एकट्याने खेळायचा म्हटले तरी सर्व्हर लागे; ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले, आणि पुढे अनेकांच्या खात्यांतून परवानाही काढला गेला. “विकत घ्या” या बटणावर पैसे भरलेल्यांच्या हाती काहीच उरले नाही. आपण लिहिलेल्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर उद्या बंद करायची वेळ आली, तर ग्राहकाला ते स्वतःच्या यंत्रावर चालवता येईल अशी शेवटची आवृत्ती आपण द्याल का? याचे उत्तर मला आपल्याकडून खरोखर हवे आहे.