जिरायत, जिरायती आणि एक न दिसणारी स्पेस

जमीन-वापराचा लेयर (नकाशाचा थर, मागे माहितीचा तक्ता) क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, वर्गाच्या रकान्यातल्या वेगवेगळ्या व्हॅल्यू काढा. जिरायत, जिरायती, जीरायत, कोरडवाहू, कोरडवाहु. अरे, जमीन एकच आहे ना! त्यात 'जिरायत' दोनदा दिसतं, कारण एकाच्या शेवटी स्पेस आहे. डोळ्याला कळत नाही. लेंग्थ, म्हणजे चिन्हं मोजणारं फंक्शन, लावली की 6 ऐवजी 7 येतात.

मग कुणीतरी फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये (रकान्यातल्या व्हॅल्यू सूत्राने बदलायचं साधन) केस-व्हेन, म्हणजे 'असं असेल तर असं लिही' ही अट, लिहितं, तेही मूळ रकान्यावरच, आणि एल्स, म्हणजे 'नाहीतर काय', विसरतं. अटीत न बसलेली प्रत्येक ओळ नल, म्हणजे रिकामी. बागायत, पडीक, गायरान सगळं साफ! नवा रकाना घ्या, आधी ट्रिम (कडेच्या स्पेस काढणं), मग केस, शेवटी एल्समध्ये मूळ व्हॅल्यू. एवढंच तर करायचंय.

जिल्ह्यांच्या नावांचा ताप वेगळाच. 2023 मध्ये नावं बदलली, पण अर्ध्या फायलींत औरंगाबाद-उस्मानाबाद, अर्ध्यांत छत्रपती संभाजीनगर-धाराशिव. नावावर जॉइन केलं, म्हणजे नाव जुळवून दोन तक्ते जोडले, की मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतले दोन कोरे राहतात. जिल्हा कोडवर जॉइन करा, हे किती वेळा सांगायचं?

बरं, नाव बदलायचं तर रकान्याची रुंदी तरी बघा. शेपफाइल (नकाशाची माहिती ठेवायचा जुना फाइल-प्रकार) बाइट मोजते, अक्षरं नाही. यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं, काना-मात्रा-अनुस्वारही त्यातच. 'छत्रपती संभाजीनगर'ला 49 बाइट लागतात. रकाना 20 चा ठेवला तर 'छत्रपत' एवढंच उरतं, वेलांटीसुद्धा जाते. जिओपॅकेजमध्ये, म्हणजे बाइटची ही अडचण नसलेल्या फाइल-प्रकारात, सेव्ह करा ना!