टेकडीला पाणी हवं, कार्यकारिणी कशाला?

गेले काही दिवस पुण्यातल्या निसर्गप्रेमी ग्रुपांवर एक पोस्ट फिरते आहे. मला ती आधी सोसायटीच्या ग्रुपवर दिसली, मग पक्षीनिरीक्षकांच्या, आणि शेवटी चुलतभावाने 'वाच, तुमच्यावरच आहे' म्हणून पाठवली. तिचा गोषवारा असा: टेकड्यांसाठी, नदीसाठी काम करणाऱ्या स्थानिक संस्थांच्या कार्यकारिण्या म्हणजे निवृत्तांचा कट्टा. पदं मानद, म्हणून जबाबदारी शून्य. खरं काम पाण्याचे कॅन वाहणारे करतात, पण त्यांना मत नाही. खुर्चीवरचे नुसत्या सह्या करतात आणि चांगल्या योजनांत मोडता घालतात. तेव्हा कार्यकारिण्या बरखास्त करा; एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि एक पगारी माणूस पुरे.

मी अशाच एका छोट्या संस्थेची खजिनदार आहे, त्यामुळे तटस्थपणाचा आव आणत नाही. पोस्टमधला राग काही प्रमाणात रास्त आहे, तिथेही येते. पण आधी त्यातली विधानं तपासू.

"पद मानद, म्हणून जबाबदारी शून्य"

कायद्याला तुमच्या पगाराशी देणंघेणं नाही. महाराष्ट्रात अशी संस्था बहुधा दोनदा नोंदलेली असते: 1860च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. या दुसऱ्या नोंदणीत कार्यकारिणीवरच्या माणसांची नावं विश्वस्त म्हणून चढतात. एकदा चढली की फुकट काम करता की पगार घेता, हे कुणी विचारत नाही. दरवर्षी हिशेब तपासून घेऊन धर्मादाय आयुक्तांकडे सादर करायचे. संस्थेची जमीन किंवा इमारत विकायची तर कलम 36 खाली आधी परवानगी घ्यायची. हिशेब देण्यात सतत कुचराई केली तर कलम 41ड खाली विश्वस्ताला निलंबित करता येतं, काढूनही टाकता येतं. आयकराचं निराळंच. वर्षाच्या उत्पन्नातले 85 टक्के कामावर खर्च व्हावे लागतात. 15 टक्क्यांहून जास्त राखून ठेवायचं असेल तर कशासाठी आणि किती वर्षं, याचा ठराव करून रीतसर कळवायचं. देणगीदारांची यादी 31 मेच्या आत भरायची, नाहीतर त्यांना करसवलतीसाठीचं 80जीचं प्रमाणपत्र मिळत नाही आणि मग फोन खजिनदाराला येतात.

"नुसत्या सह्या करतात" हेही याच खात्यात घेते. सही किती नुसती असते ते सांगते. पदाधिकारी बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. आमचे सचिव बदलले तेव्हा अर्ज वेळेत गेला होता, मंजुरी यायची होती. बँकेने नोंदीचा उतारा मागितला, त्यावर जुनं नाव पाहिलं आणि नव्या सचिवांची सही घ्यायला नकार दिला. चेकवर दोन सह्या लागतात. जुने सचिव तोवर मुलाकडे बंगळुरूला गेलेले. एप्रिलचं ऊन, टेकडीवर नुकती तग धरलेली रोपं, आणि टँकरवाला मागचं बिल दिल्याशिवाय पुढची फेरी टाकायला तयार नाही. शेवटी चेकबुक कुरियरने बंगळुरूला गेलं आणि सही होऊन परत आलं. मधले दिवस एका सभासदाने पदरचे पैसे घालून टँकर आणला. त्याची पावती फाइलला लावून, पुढच्या सभेत ठराव करून ते पैसे त्याला परत दिले. पोस्टवाल्यांना यातला फक्त टँकर दिसला असणार.

"चांगल्या योजनांत मोडता घालतात"

घालतात, आणि घालायलाच हवा. माझ्या मते कार्यकारिणी असते ती मुख्यतः यासाठीच. सगळ्यांना हवीशी वाटणारी गोष्ट कुणीतरी अडवावी लागते आणि ते एकट्यादुकट्याला झेपत नाही.

2013च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि त्यात पर्यावरण येतं. आर्थिक वर्ष मार्चला संपतं, त्यामुळे फेब्रुवारीत आमच्यासारख्या संस्थांचे फोन वाजू लागतात. असाच एक प्रस्ताव आमच्याकडे आला. सासवडच्या बाजूचा एक मोठा माळ, हजारो रोपं, ठिबकच्या नळ्या, नावाचा फलक. 5 जूनला कर्मचारी बसने येणार, प्रत्येकाच्या हातात एक रोप, ड्रोनने शूटिंग. आकडा एवढा होता की संस्थेचा दोन-तीन वर्षांचा खर्च सहज निघाला असता. आमचे स्वयंसेवक खूश, खजिनदार तर फारच खूश.

सभेत एका सभासदाने सातबारा मागवला. जमीन गायरान निघाली. म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी ज्याला 'पडीक' म्हणत होता ते गावाचं चराऊ रान होतं आणि धनगरांची मेंढरं दरवर्षी तिथून जात होती. मग दुसरा प्रश्न: तिथे आज काय आहे? गवत आहे. धाविक, चंडोल, पखुर्डी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. तिथे झाडं उभी केली की ससाण्या-शिक्र्याला बसायला फांदी आयती मिळते आणि या पक्ष्यांचा माळ संपतो. याच पट्ट्यात लांडगा आहे, खोकड आहे. पुढे सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकारासाठी राखलंय ते अशाच गवताळ, झुडपी माळावर. तिसरा प्रश्न नेहमीचा: तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी कोण घालणार? करारात एका वर्षाची देखभाल होती. आणि 5 जूनचं म्हणाल तर पुण्यात मोसमी पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, धड लागायला आणखी वेळ जातो. रोप लावायचा मुहूर्त पर्यावरण दिन ठरवतो की पाऊस, हा प्रश्न आम्ही कंपनीलाही विचारला. उत्तर आलं नाही.

चर्चा दोन सभा चालली आणि ठराव थोडक्या मतांनी फेटाळला गेला. आम्ही उलट प्रस्ताव दिला: आमच्या टेकडीवरचं गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड, टप्प्याटप्प्याने विरळ करू आणि धावडा, सालई, मोई, पळस यांची रोपवाटिका चालवू. पुण्याच्या टेकड्यांवरचं गिरिपुष्प वाईट हेतूने कुणी लावलेलं नाही. फांदी खोचली तरी जगतं, झपाट्याने वाढतं, दुरून डोंगर हिरवा दिसतो; पण त्याच्या दाटीत स्थानिक रोपं फारशी वर येत नाहीत. झाडं कमी करण्यासाठी पैसे द्यायला कंपनीला अवघड वाटलं, तेही समजू शकते. पैसे दुसरीकडे गेले, आमचे काही तरुण स्वयंसेवक रागावून निघून गेले. त्यांना मी दोष देत नाही. पण ग्रुपवर मतदान घेतलं असतं तर दहा मिनिटांत अंगठे पडले असते आणि सातबारा कुणीच मागितला नसता.

"व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पुरे"

काही कामांना पुरतो, हे आधी कबूल करते. 2023 मध्ये वेताळ टेकडीसाठी पुणेकर रस्त्यावर उतरले, ते कुठल्या कार्यकारिणीच्या ठरावाने नव्हे. माणसं गोळा करायला, जेसीबी दिसला की फोटो टाकायला ग्रुपसारखं साधन नाही.

अडतं त्यानंतर. झाड तोडण्याची नोटीस लागली की हरकतीला जेमतेम आठवडा मिळतो. हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे, पण 2010च्या कायद्यातल्या कलम 14 खाली दाद मागायची तर वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत. सबळ कारण दाखवलंत तर आणखी साठ दिवस, त्यापुढे दार बंद. प्रकल्पाच्या पर्यावरण परवानगीविरुद्ध अपील असेल तर मूळ मुदत तीसच दिवसांची. या तारखा ग्रुपवर कुणीतरी टाकतं, मग त्यावर सुप्रभात येतं, मग कुणाच्या तरी नातीचं बारसं. अर्ज व्यक्तीलाही करता येतो, त्यासाठी संस्था लागतेच असं नाही. मात्र मग वकिलाची फी, सुनावणीच्या तारखा आणि बिल्डरची नोटीस हे सगळं त्या एका व्यक्तीच्या घरी येतं. संस्था गेली तर कार्यकारिणी ठराव करून एकाला अधिकार देते. तो आजारी पडला, दमला किंवा परगावी गेला तर दुसऱ्याच्या नावाचा ठराव होतो आणि केस चालू राहते. आमच्या शहरातले टेकड्यांचे वाद एका माणसाच्या दमात संपणारे नाहीत. 23 गावांमधल्या टेकड्यांवरच्या बीडीपी, म्हणजे जैवविविधता उद्यानाच्या, आरक्षणाचंच बघा. ती गावं 1997 मध्ये महापालिकेत आली आणि विषय अजून निघतोच आहे. तेव्हा हरकत काय घेतली होती, कुणी घेतली होती, उत्तर काय मिळालं, हे कुणाच्या तरी कपाटात असावं लागतं. कपाट कुणाचं, हे इतिवृत्तात असतं.

आणि पैसे. ग्रुप चालतो तेव्हा वर्गणी अ‍ॅडमिनच्या जीपेवर जाते. अ‍ॅडमिन सज्जन असतोच, म्हणूनच त्याची कीव येते. ती रक्कम त्याच्या खात्यात दिसते, देणाऱ्याला सवलत मिळत नाही, आणि वर्षभराने एखादा विचारतो, 'त्या टँकरचं काय झालं हो?' माझ्याकडे याचं उत्तर म्हणून व्हाउचर आहे. त्याच्याकडे स्क्रीनशॉट.

"एक पगारी माणूस ठेवा"

ठेवा की. पण त्याला नेमणार कोण, त्याचा पगार ठरवणार कोण, आणि त्याने माळावर रोपं लावायचा करार करून टाकला तर विचारणार कोण? फिरून गाडी कार्यकारिणीवरच येते. एम्प्रेस गार्डन ज्या संस्थेकडे आहे ती ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी 1830ची. पगारी माळी बदलत राहतात, बाग राहते, कारण मागे संस्था राहते.

"कॅन वाहणाऱ्यांना मत नाही"

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. काही संस्था निव्वळ न्यास म्हणून नोंदलेल्या असतात. तिथे सर्वसाधारण सभा नसते, विश्वस्तच विश्वस्त नेमतात. त्यांच्याबाबत तक्रार बरोबर आहे आणि त्यांनी काहीतरी सोय करावी. पण आमच्यासारख्या सभासदांच्या संस्थेत मत आहे, फक्त त्यासाठी सभासद व्हावं लागतं. 1860च्या कायद्याचं कलम 15 स्पष्ट सांगतं की तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकलेल्याला मत नाही. आमच्या रविवारच्या पाणीवाल्यांतले निम्म्याहून अधिक लोक सभासदच नाहीत, आणि जे आहेत त्यांतल्या कितीतरी जणांची वर्गणी थकलेली आहे. वर्गणी एका मिसळीएवढी असेल. विचारलं तर म्हणतात, 'ते कागदपत्रांचं तुम्ही बघा, आम्हाला टेकडीवर काय ते सांगा.' हे म्हणायचा त्यांना हक्क आहे. पण मग मत नाही म्हणून रडायचं नाही.

"निवृत्तांचा कट्टा"

इथे मी फारशी भांडणार नाही. एकच अध्यक्ष वीस-वीस वर्षं बसलेल्या संस्था पुण्यात आहेत. मीटिंगच्या नोटिशीतच छापलेलं असतं: 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल व त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.' म्हणजे कुणी येणार नाही हे आधीच गृहीत. सभा मंगळवारी सकाळी अकराला अध्यक्षांच्या बैठकीच्या खोलीत. हिंजवडीला नोकरी करणारा कसा येणार? अशा ठिकाणी पोस्टमधला शब्दन् शब्द लागू पडतो.

पण निवृत्तांनी जागा अडवली आहे की दुसरं कुणी त्या जागेवर बसायला तयार नाही, हे बघायला हवं. आमच्याकडे एका पदावर सलग दोनच कार्यकाळ, असा नियम घटनेत घातला. सभा रविवारी सकाळी, टेकडीवरून उतरल्यावर ठेवली. दोन चाळिशीच्या आतले सभासद आलेही. त्यातल्या एकीने पहिल्याच वर्षी खर्चाच्या नोंदी शीटवर आणल्या आणि माझी जाडजूड वही निवृत्त केली. पण खजिनदारपदासाठी 'कोण इच्छुक?' असं विचारल्यावर सगळे फोनमध्ये बघतात, तरुण आणि म्हातारे सारखेच. बीकॉम झालेले विशेष मन लावून बघतात.

आमची वार्षिक सभा सप्टेंबरमध्ये आहे आणि तेव्हा माझा दुसरा कार्यकाळ संपतो. अर्ज एक पानी आहे. सूचक आणि अनुमोदक लागतात, दोन्ही मी शोधून देईन. पोस्ट लिहिणाऱ्यांनी, आणि ती 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' होईपर्यंत पुढे ढकलणाऱ्यांनीही, जरूर यावं. फक्त मागची वर्गणी भरून या, नाहीतर कलम 15 आड येईल.