सुट्टीला अर्थ कसा चिकटवावा

डिसेंबर अर्धा सरला की नागपुरात सगळंच एकदम येतं. विधानभवनात हिवाळी अधिवेशन, बर्डीवर मोर्चे, त्यात अडकलेल्या स्कूलबसा, आणि स्टाफरूमच्या फळ्यावर सूचना: ‘यंदाची नाताळची सुट्टी अर्थपूर्ण करावी. फोटो पाठवावेत.’ पहिली ते चौथीचा वर्ग तुमच्याकडे असेल तर घाबरू नका. फेविकॉलचा मोठा डबा, मेडिकलमधून आणलेली कापसाची गुंडाळी आणि पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप, एवढ्या साहित्यात कुठल्याही सुट्टीला अर्थ चिकटवता येतो.

सुरुवात बर्फापासून करावी. डिसेंबरात नागपूरचा दुपारचा पारा २८-२९ अंशांवर असतो, म्हणून तर बर्फ वर्गात आणावा लागतो. २०१८च्या २९ डिसेंबरला पहाटे पारा ३.५ अंशांवर उतरला होता, पण तेव्हाही आभाळानं सहकार्य केलं नाही. तेव्हा निळ्या कार्डशीटवर कापूस लावा. फेविकॉल पातळ थरात पसरून दोन-तीन मिनिटं थांबायचं, तो चिकट झाला की कापूस ठेवून हलकेच दाबायचा. ओल्या फेविकॉलवर लावलात तर कापूस तो पिऊन घेतो आणि बर्फाचा लगदा होतो. पंखा बंद ठेवा, नाहीतर हिमवर्षाव डब्यांतल्या पोळीभाजीवर होईल.

या कापसाबद्दल एक खबरदारी. तो आपल्या जिल्ह्यात पिकतो, हे मुलांच्या कानावर जाऊ देऊ नका. याच दिवसांत वेचणी चालू असते. काटोल-सावनेरकडून येणाऱ्या एखाद्या सरांनी चुकून पिशवीभर बोंडं आणली की संपलं. मुलं दहा बोंडांतला कापूस काढतात, तो वाण्याच्या काट्यावर ४० ग्रॅमच्या आसपास भरतो. मग बोटांनी सरकी वेगळी करायला बसतात. वीस मिनिटं वर्गात चिडीचूप. शेवटी पुन्हा वजन होतं आणि रुई जेमतेम एक तृतीयांश उरते. बाकी सगळी सरकी. लगेच प्रश्न: ‘मॅडम, मग शेतकऱ्याला पैसे कशाचे मिळतात, रुईचे का सरकीचे?’ याचं उत्तर शिक्षक-हस्तपुस्तिकेत नाही, आणि शहरातल्या कॉटन मार्केटात विचारायला जावं तर तिथं भाजी विकतात. त्यापेक्षा मेडिकलचा कापूस बरा, तो कुठूनच आलेला नसतो.

हिमकण कापताना कागदाला आधी मधोमध एक घडी, मग दुसरी, मग तिसरी घालावी आणि कात्री चालवावी. आठ पाकळ्या येतात, छान दिसतं. खरा हिमकण सहा टोकांचा असतो, पण तपासायला इथं कोण पाहणार आहे? सहा टोकं हवीच असतील तर पहिल्या घडीनंतर त्या अर्ध्या भागाचे ६०-६० अंशांचे तीन सारखे भाग करून ते एकमेकांवर दुमडावे लागतात, म्हणजे कोनमापक काढायचा, म्हणजे गणिताचा तास. शिवाय मग अजून एक घडी घातली की कागदाचे बारा थर होतात, आणि झेरॉक्सच्या कागदाचे बारा थर तिसरीच्या बोथट कात्रीला कापत नाहीत. पतंगाचा कागद सहज कापला जातो, संक्रांतीमुळे तो याच दिवसांत दुकानोदुकानी असतो, स्वस्तही असतो. तो घेऊ नका. फोटोत त्याच्यातून आरपार दिसतं.

सांताक्लॉज पीटीच्या सरांना करावं, ते नाही म्हणाले तर शिपाई काकांना. लाल मखमली डगला, पोटावर स्टाफरूममधल्या खुर्चीची उशी, इलास्टिकची दाढी. कार्यक्रम सकाळी दहाच्या आत उरका. अकरानंतर मैदानातल्या उन्हात दाढीखाली घाम साचतो आणि सांता प्रत्येक वाक्यानंतर दाढी वर करून वारा घेतो. सगळ्यात मोठा धोका मात्र पायांत असतो. डगला भाड्यानं मिळतो, बूट मिळत नाहीत. पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेल्या पहिलीच्या मुलाच्या डोळ्यांसमोर नेमक्या त्या रोजच्या चपला येतात, डाव्या चपलेचा अंगठा तांब्याच्या तारेनं बांधलेला, आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं तो म्हणतो, ‘हे तं आपले काका हायेत!’ काकांना खूप आनंद होतो. कार्यक्रमाचा अर्थ जातो.

सांताच्या मोज्यात आयात चॉकलेटं भरावीत. युरोपात त्या मोज्याच्या टोकाशी संत्रं ठेवायची जुनी रीत आहे, कारण तिकडच्या थंडीत ते अपूर्वाईचं फळ होतं. इथं डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री हातगाडीवर ढिगानं पडलेली असतात, म्हणजे अपूर्वाई शून्य. संत्रं वर्गात आलंच तर काय होतं ते माहीत असू द्या. चाळीस मुलांना वीस संत्री दिली की दोघांत एक येतं. फोडी मोजल्या जातात, कुणाच्या दहा, कुणाच्या अकरा, आणि अकरा फोडी दोघांत कशा वाटायच्या यावरून अपूर्णांकांचा धडा तिसरीतच सुरू होतो. मग कुणीतरी फुगवलेल्या फुग्यावर ताजी साल पिळतं. सालीतल्या तेलानं रबर विरघळतं आणि फुगा फुटतो. एकदा हे कळलं की सजावटीचे सगळे फुगे गेले म्हणून समजा.

पण या सगळ्याहून घातक वस्तू म्हणजे एक मीटरची सरळ काठी. २१-२२ डिसेंबर हा वर्षातला सगळ्यात लहान दिवस, आणि त्या सुमारास मुलांना काठी घेऊन मैदानात सोडू नये. सोडलंच तर पुढचं टाळता येत नाही: वाळूच्या बादलीत काठी उभी होते, दोऱ्याला दगड बांधून ती ओळंब्यात आहे का हे पाहिलं जातं, साडेअकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण होते. सावली आखडत जाते आणि सव्वाबाराच्या जराशी आधी, १२ वाजून १२-१३ मिनिटांनी, सगळ्यात तोकडी होऊन पुन्हा लांबू लागते. काठीच्या बुडापासून त्या खुणेपर्यंतची रेघ थेट उत्तरेला जाते. ती रेघ मोजली की ९८-९९ सेंटिमीटर भरते, जवळजवळ काठीएवढीच. नागपूर २१ अंश अक्षांशावर, सूर्य त्या दिवशी साडेतेवीस अंश दक्षिणेला, त्यामुळे भरदुपारी तो इथं आभाळात ४५ अंशांवरच चढतो. काठी तिरकी असेल, फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार असेल किंवा वेळ घड्याळाऐवजी शाळेच्या घंटेवरून धरली असेल, तर आकडा चुकतो. एवढाच काय तो दिलासा.

कारण आकडा बरोबर आला की चौथीतली एखादी पोरगी विचारणारच, ‘काऊन मॅडम, बारा वाजता तं सूर्य डोक्यावर राह्यते ना?’ मग तिला सांगावं लागतं की आपली घड्याळं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशाची वेळ दाखवतात, नागपूर तिच्या पश्चिमेला ३.४ अंशांवर आहे आणि दर अंशामागे सूर्य चार मिनिटं उशिरा येतो. इथं तो वर्षात पहिल्यांदा खरोखर डोक्यावर येतो मे महिन्याच्या शेवटी, २६ तारखेच्या आसपास, आणि तेव्हा शाळेला कुलूप असतं. हे सगळं सांगण्यात तास जातो. फोटोत मात्र एक काठी आणि वाकलेली चाळीस डोकी दिसतात. असला फोटो वर पाठवून उपक्रम सिद्ध होत नाही. कापसाचा बर्फ लांबूनही दिसतो.

आता गृहपाठ. केंद्राच्या २०२०च्या शालेय दप्तर धोरणानं दुसरीपर्यंत गृहपाठ नको म्हटलं आहे, आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास. म्हणून सुट्टीत गृहपाठ देऊ नका, ‘प्रकल्प’ द्या. रोज दोन पानं शुद्धलेखन, २ ते २० पाढे पाच वेळा, सहलीची चिकटवही, एक चालतं मॉडेल आणि आजी-आजोबांशी गप्पा मारतानाचा फोटो. गप्पा फोटो निघेपर्यंत पुरतात. मॉडेल वडील करतात, रात्री अकरानंतर, गरम गोंदाच्या बंदुकीनं बोट भाजत. चिकटवही आई करते. मुलाचं काम आपलं नाव लिहायचं, तेही पेन्सिलीनं आधी पुसट लिहून दिलेलं असतं. मूल्यमापनात अडचण येत नाही: रेघा जितक्या सरळ, तितका वरचा शेरा. ज्या वहीत रेघा वाकड्या, गोंदाचे डाग आणि पान उलटं चिकटवलेलं, ती बाजूला काढून ‘नीटनेटकेपणा हवा’ असं लाल शाईत लिहा. ती वही मुलानं स्वतः केलेली असते.

संक्रांत जवळ असल्यामुळे घोषवाक्यांचा तक्ताही हवा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७मध्ये देशभर बंदी घातली, तेव्हा विषय तयारच आहे. तक्ता थर्माकोलवर करावा, अक्षरं उठून दिसतात. सजावटीच्या थर्माकोलला राज्यात २०१८पासून बंदी आहे, पण तो विषय पुढच्या वर्षीच्या तक्त्याला ठेवा.

तिळगूळ दुकानातून पाकिटबंद आणावा. वर्गात करू नये, कारण तो गॅस न पेटवताही जमतो आणि मग निमित्त उरत नाही. घरून भाजून आणलेले अर्धा किलो तीळ, ४०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम शेंगदाण्याचा कूट, दोन चमचे तूप. चाळीस मुलांना २५-२५ ग्रॅमचा लाडू होऊन वर तीन-चार उरतात. तीळ मिक्सरमधून थांबत थांबत भरड काढायचे, सलग फिरवले तर तेल सुटून गोळा होतो. गूळ साधा मऊ हवा, चिक्कीचा कडक गूळ थंडपणी बांधला जात नाही आणि लाडू हातातच फुटतात. शेंगदाणा कुणाला चालत नाही हे आधी घरी विचारून ठेवावं लागतं. हात धुवायला चाळीस मुलांची नळापाशी रांग लागते, ती वेगळीच. बघा, किती ताप आहे.

शेवटी अहवाल. तो सुट्टी लागायच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवावा, भूतकाळात. ‘विद्यार्थ्यांनी सुट्टीचा मनमुराद आनंद लुटला व अनुभवातून शिक्षण घेतले.’ तारखेची जागा तेवढी कोरी सोडा. खाली मुख्याध्यापकांची सही लागते आणि त्या दिवसांत ते अधिवेशनाच्या बंदोबस्तामुळे बंद केलेल्या कुठल्यातरी रस्त्यावर अडकलेले असतात, म्हणून सही आधी घ्या.