इरोक्वॉयांना 51वं राज्य? त्यांनी मागितलंय का?

एक मजकूर बराच फिरतोय: ‘अमेरिकेने इरोक्वॉय रेड इंडियनांना 51वं राज्य द्यावं, अन्याय फिटेल. तसेही ते उरलेत किती! आणि रेड इंडियन म्हटल्याने काय बिघडतं?’

1 मे 1960 अंगात भिनलेल्या आपल्याला राज्य मिळणं म्हणजे जिंकणं वाटतं. त्यांच्या लेखी ती पायरी उतरणं आहे. मोहॉक, ओनायडा, ओनोंदागा, कयूगा, सेनेका आणि मागाहून आलेले टस्करोरा अशा उत्तर अमेरिकेतल्या सहा मूळनिवासी राष्ट्रांचा संघ म्हणजे हे इरोक्वॉय. 1794 मध्ये अमेरिकेने त्यांच्याशी, वेगळ्या राष्ट्राशी करावा तसा, कॅनन्डेग्वाचा तह केला. त्या तहापोटी सरकार आजही दरवर्षी कापड पाठवतं. तरतूद तेव्हाचीच, साडेचार हजार डॉलर. त्यामुळे येतं ते मांजरपाटासारखं साधं सुती कापड. पण तेवढ्यासाठीही ते अडून बसतात, कारण कापड आलं म्हणजे तह जिवंत आहे. उद्या राज्य झालं, तर कोण कोणाला कापड पाठवणार?

1924 मध्ये अमेरिकेने नागरिकत्व देऊ केलं, तेही ओनोंदागांनी नाकारलं. 2010 मध्ये त्यांचा लॅक्रॉसचा (जाळीच्या काठीने चेंडू झेलत-फेकत खेळायचा खेळ) संघ मँचेस्टरच्या जागतिक स्पर्धेला निघाला. खेळ मुळात त्यांचाच. ब्रिटनने त्यांचे स्वतःचे पासपोर्ट मानले नाहीत. अमेरिकी पासपोर्टवर सहज जाता आलं असतं. संघ गेला नाही.

‘उरलेत किती’चं उत्तर: कॅनडातल्या त्यांच्या एकट्या ग्रँड रिव्हर वस्तीचे नोंदलेले सदस्य 25,000 च्या वर. हो, कॅनडातल्या. मोहॉकांच्या आक्वेसास्ने या वस्तीमधून तर आंतरराष्ट्रीय सीमाच जाते. अमेरिकेचं राज्य आखणार कुठून कुठवर?

राहिलं नाव. ‘रेड इंडियन’मध्ये कातडीचा रंग आणि कोलंबसची चूक, दोन्ही आले. ‘मोहॉक’ हे शेजारच्या वैऱ्यांनी ठेवलेलं, अर्थ ‘माणूसखाऊ’. ते स्वतःला कान्येन्केहाका म्हणतात, गारगोटीच्या मुलखातले लोक. आणि सगळा संघ मिळून होदेनोशोनी, लांब घराचे लोक. आता, तिथले काही वडीलधारे स्वतःला बिनदिक्कत ‘इंडियन’ म्हणवतात, अमेरिकी कायद्यातही तोच शब्द आहे. ते त्यांचं त्यांनी ठरवावं. आपल्याला सहा राष्ट्रांपैकी कोण ते ठाऊक असेल तर तेच नाव घ्यावं, नसेल तर होदेनोशोनी. जीभ दोनदा अडखळेल, तिसऱ्यांदा नाही.

मँचेस्टरला न गेलेल्या त्या संघाचं नाव तेव्हा ‘इरोक्वॉय नॅशनल्स’ होतं. 2022 मध्ये त्यांनी ते बदलून ‘होदेनोशोनी नॅशनल्स’ केलं. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये लॅक्रॉस परत येतोय आणि त्यांची मागणी आहे, आमच्या झेंड्याखाली खेळू द्या.