डॉलीच्या दातांना तारा नव्हत्या

माझा डावा गाल अजून माझ्या ताब्यात आलेला नाही. चहा प्यायला गेलो तर निम्मा सदऱ्यावर. दाढेचा बधिरपणा दोन-तीन तासांत उतरेल असं डॉक्टर म्हणाले होते, त्याला आता चार तास होऊन गेले. पण तो हिशेब एका इंजेक्शनचा होता आणि मला तीन दिली गेली. पहिलं दाढेसाठी. उरलेली दोन मी 'मूनरेकर' या जेम्स बाँडच्या चित्रपटाची बाजू घेतली म्हणून.

झालं असं की रूट कॅनालसाठी खुर्चीत आडवा झालो, गळ्यात फडकं अडकवलं गेलं आणि खिशातला फोन वाजला. फोनवर शर्ली बॅसीनं गायलेलं 'मूनरेकर'चं शीर्षकगीत आहे. फोन बंद करेपर्यंत दोन ओळी होऊन गेल्या.

"बाँड वाटतं, काका? कुठला हो हा?"

"मूनरेकर," मी म्हणालो. तोंडातून स्पष्ट निघालेला हा त्या दिवशीचा माझा शेवटचा शब्द.

डॉक्टर हसले. हसण्याबद्दल माझी तक्रार नाही, पण हातात सुई धरून माणसानं असं खदखदून हसू नये. "काका, तो तर सगळ्यात भंगार! आ करा. मोठ्ठा. दुखलं तर डावा हात वर करा, बोलू नका."

हा डॉक्टर पस्तिशीचा असेल. हात हलका आहे, हे मान्य करायलाच हवं. पण त्याला समोर आ वासून पडलेला श्रोता लागतो आणि तसे श्रोते त्याला दिवसभर मिळत असल्यामुळे आपलं बोलणं सगळ्यांना पटतं असा त्याचा समज झालेला आहे. त्यानं कथा सांगायला घेतली ती मला नव्हे, माझ्या तोंडात सक्शनची नळी धरून उभ्या असलेल्या त्याच्या मदतनीस बाईंना.

"तुम्ही पाहिलाय का हो मूनरेकर?"

"नाही सर."

"नकाच बघू. बाँड अवकाशात जातो. का? तर दोन वर्षांपूर्वी 'स्टार वॉर्स' धो धो चालला म्हणून. आणि व्हेनिसमध्ये ते गोंडोला असतात ना, पाण्यातल्या नावा, त्यातली एक हा चौकात चालवतो. जमिनीवर! आणि ते बघून एक कबूतर वळून बघतं. दोनदा."

"कबुतरं नेहमीच मान हलवतात ना सर."

"तशी नाही हो. चकित होऊन."

बाई जरा विचारात पडल्या. तेवढ्यात नळी माझ्या जिभेला चिकटली.

यातला शब्द न् शब्द खरा आहे आणि दुखणं तेच आहे. आधीच्या १९७७च्या बाँडपटाच्या शेवटी पुढचा बाँड म्हणून भलत्याच चित्रपटाचं नाव पडद्यावर जाहीर केलं होतं. 'स्टार वॉर्स'चा गल्ला बघून निर्मात्यांनी बेत फिरवला आणि १९७९ साली 'मूनरेकर' आणला. बाँडचा जनक लेखक फ्लेमिंग, त्याची मूळ कादंबरी १९५५ची. तिच्यात एक क्षेपणास्त्र आहे, अवकाशप्रवासाचं नावही नाही. कबुतराच्या त्या दृश्याची फिल्म उलटसुलट फिरवून त्याला मान वळवायला लावली आहे. मला सगळं ठाऊक आहे. त्या कबुतराचा बचाव मी आजवर कुणापुढेही केलेला नाही. पण टीकाकारांना वाटतं की आपण कबूतर काढलं की समोरचा खचलाच.

मग डॉक्टर जॉजकडे, म्हणजे बाँडच्या मागे लागणाऱ्या गुंडाकडे वळले. पोलादी दातांचा तो राक्षस आणि हा दंतवैद्य, म्हणजे विषय रंगणारच. ड्रिल थांबवून त्यानं बाईंना समजावलं, की अशा दातांनी केबल कारचा दोर तोडायचा म्हटलं तर दात टिकतील हो, पण ज्या हाडात ते बसवलेत ते हाड कुठून आणणार? "जबडा हातात येईल, जबडा!" हे बोलताना त्यानं माझाच जबडा धरून हलवून दाखवला. मला सांगायचं होतं की तो दोर ज्येष्ठमधाच्या गोळ्यांचा होता, शूटिंगसाठी मुद्दाम करवून घेतलेला, आणि ते दात इतके बोचायचे की जॉज झालेल्या बिचाऱ्या रिचर्ड कीलला थोडा वेळच तोंडात ठेवता यायचे. सात फूट दोन इंच उंचीचा माणूस आणि दातांपुढे हतबल. त्या क्षणी मला तो फार जवळचा वाटला.

"याच सिनेमात तो शार्कला चावतो," डॉक्टर म्हणाले.

नाही! शार्क आदल्या चित्रपटातला! माझा डावा हात आपोआप वर गेला.

"दुखतंय? अरेरे. थांबा हं काका." आणि दुसरं इंजेक्शन.

गप्प पडलो. पडल्या पडल्या मनातल्या मनात भांडत होतो. हा इतका भंगार होता तर तिकिटं कुणी काढली? जगभरात एकवीस कोटी डॉलरचा धंदा झाला आणि १९९५च्या 'गोल्डनआय'पर्यंत एकाही बाँडपटाला तो आकडा ओलांडता आला नाही. आता सगळे नाकं मुरडतात. तेव्हाच्या रांगेत उभी असलेली माणसं गेली कुठे? सुरुवातीला पॅराशूटविना विमानातून पडलेला बाँड हवेतच दुसऱ्याचं पॅराशूट हिसकावतो, त्या प्रसंगासाठी स्टंटमननी ८८ उड्या मारल्या. खऱ्या उड्या, कोटाखाली पॅराशूट लपवून. आणि ती अवकाशातली लढाई! ट्रिक दृश्यं करणाऱ्या डेरेक मेडिंग्जच्या माणसांनी तीच फिल्म कॅमेऱ्यात पुन्हा पुन्हा मागे गुंडाळून तिच्यावर एकेक यान, एकेक किरण चढवला. एकदा हात चुकला की सगळं मुसळ केरात. ऑस्करचं नामांकन मिळालं, बक्षीस 'एलियन'नं नेलं. बरं, नेऊ दे. खरं स्पेस शटल १९८१ साली उडालं, त्याच्या दोन वर्षं आधी आमची शटलं उडून, लढून, परतही आली होती.

'आमची' म्हणालो का? असो.

खरा राग वेगळाच आहे. 'कसिनो रोयाल' आवडतो म्हणणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही. १९६९चा, जॉर्ज लेझनबी बाँड झालेला तो चित्रपट आवडतो म्हटलं तर आजकाल जाणकार म्हणून पाठ थोपटतात. एके काळी त्यालाही शिव्याच होत्या, पुढे त्याचं नशीब पालटलं. मूनरेकरवाल्याला मात्र जामीन द्यावा लागतो. 'हो हो, वाईटच आहे, पण गंमत म्हणून बघतो,' असं आधीच कबूल करावं लागतं. किंवा कुणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणतं, 'इतका वाईट की चांगला वाटतो, तसंच ना?' नाही, तसं नाही. मायकेल लॉन्सडेलचा ड्रॅक्स कुठे वाईट आहे? अख्खी मानवजात विषारी वायूनं मारायला निघालेला माणूस, आवाज एकदाही चढवत नाही. बाँड पुन्हा पुन्हा उगवतो याचा त्याला जो कंटाळा येतो, तसा कंटाळा मी फक्त सरकारी खिडकीपलीकडे पाहिला आहे. केन ॲडमनं उभारलेलं ते अवकाशस्थानक वाईट आहे? मग चांगलं काय असतं, तेही एकदा सांगून टाका.

"आणि शेवटी तर कहर," डॉक्टरांचा आवाज वरून आला. "त्या जॉजला प्रेमिका मिळते. डॉली. दोन वेण्या, चष्मा, आणि ती हसते तेव्हा दिसतं की दातांना ब्रेसेस! याचे दात पोलादी, तिच्या दातांना तारा. म्हणून जमतं. तेवढा एकच जोक बरा होता."

बाई पहिल्यांदाच हसल्या. "अय्या, गोड!"

डॉलीला ब्रेसेस नव्हत्या. वेण्या आहेत, चष्मा आहे, स्कर्ट आहे. तारा नाहीत. केबल कारच्या ढिगाऱ्यातून ती त्याला बाहेर काढते, दोघं एकमेकांकडे बघतात, मागे चायकोव्स्कीचं संगीत सुरू होतं, ती हसते आणि तिचे दात चारचौघींसारखे स्वच्छ आहेत. जगभर हजारो लोकांना तारा बघितल्याचं लख्ख आठवतं. मी हे जाणतो, कारण त्या हजारांत मीही होतो. वर्षानुवर्षं हा जोक मी लोकांना सांगत आलो, हातवाऱ्यांसह. मग एका रात्री पुन्हा बघायला बसलो आणि तारा गायब. मागे नेऊन बघितलं, थांबवून बघितलं, पडद्याला नाक लावून बघितलं. त्या रात्री झोप लागली नाही. सकाळपर्यंत मात्र मला तो प्रसंग दुप्पट आवडायला लागला होता. तारा असत्या तर तो हिशेब झाला असता, हिचं लोखंड आणि त्याचं पोलाद. तारा नाहीत, म्हणजे त्या छोट्याशा पोरीला तो धिप्पाड, बेढब माणूस काही कारण नसताना आवडला.

हे सगळं मला त्या दोघांना सांगायचंच होतं. मी हात वर केला. उंच, शाळेत करतात तसा.

"अजून दुखतंय? कमाल आहे." तिसरं इंजेक्शन.

यानंतर मला जीभ उरली नाही. डाव्या कानालाही काही होत असल्याचा भास होत होता. डॉक्टरांनी पुढची वीस मिनिटं शांतपणे काम केलं आणि शेवटी बाईंना म्हणाले, "काकांची सहनशक्ती जरा कमी आहे. पुढच्या सिटिंगला सुरुवातीलाच जास्त डोस देऊ." मग माझ्याकडे वाकून, खूप प्रेमानं, "आणि काका, चांगले बाँड बघत चला."

चूळ भरली. अर्धी बेसिनमध्ये, अर्धी मनगटावर. बाहेर काउंटरवर एक मुलगी पुढची तारीख लिहीत होती. मला राहवेना. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. काउंटरवर दोन्ही हात टेकले आणि सगळा जोर लावून म्हणालो, "फ्फेसेस नफ्फत्या!"

"काय काका?"

"फ्फेसेस! ढॉलीला! नफ्फत्या!" मी स्वतःच्या दातांवरून बोट फिरवून दाखवलं आणि जोरजोरात मान हलवली.

तिचा चेहरा उजळला. "ब्रेसेस! अहो, लाजताय काय एवढं? हल्ली कुठल्याही वयात बसवतात, काका. परवाच एका आजोबांना बसवल्या." आणि मी हातवारे करत असतानाच तिनं कार्डावर लिहून टाकलं.

ते कार्ड आता माझ्यासमोर आहे. गुरुवार, संध्याकाळी साडेपाच. रूट कॅनाल, सिटिंग २. खाली लाल पेनानं: ब्रेसेस, पेशंटचा फार आग्रह.